पंचाहत्तरातला एक समजून ठरव

पत्र :

मेजर, नमस्कार.

मी १९ वर्षांचा आहे, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. बारावी आर्ट्स, ५४ टक्के. दीड वर्ष भरतीच्या अकॅडमीत पळतोय. १६०० मीटर पाच मिनिटं चाळीस सेकंदांत निघतं, पुलअप्स आठ होतात. घरी दोन एकर जिरायत, आई-वडील आणि धाकटी बहीण. थोरले चुलते फौजेतून हवालदार म्हणून उतरलेत. ते म्हणतात, डोळे झाकून जा, आयुष्याचं सोनं होईल. वडिलांनी हिशोब मांडलाय की चार वर्षांनी अकरा-बारा लाख येतील, त्यात बहिणीचं लग्न आणि बोअर दोन्ही उरकेल. आई हा विषय निघाला की उठून आत जाते. गावातला एक मित्र अग्निवीर झालाय. सुट्टीवर आला की 'एकदम मस्त' म्हणतो, पण मागच्या खेपेला स्टँडवर सोडायला गेलो तर गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही. अकॅडमीत एक माणूस येतो, तीन लाखांत काम करून देतो म्हणतो. लहानपणी माझा उजवा कान वाहायचा, ते मेडिकलला सांगावं का? आणि एक मुलगी आहे, घरी अजून माहीत नाही. जाऊ का नको, ते सांगा. खरं सांगा, गोड नको.

– माणदेशातला एक


गड्या,

आधी एक दुरुस्ती. मी मेजर नव्हे. २८ वर्षं काढून सुभेदार म्हणून उतरलो. पण आपल्याकडे फौजेतून आलेला शिपाई असो की लंगरातला स्वयंपाकी, गाव त्याला मेजरच म्हणतं. तेव्हा चालू दे.

आणि एक कबुली. दर महिन्याला माझ्या खात्यात पेन्शन पडते. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन माजी सैनिकांच्या योजनेतून झालं, कँटीनचं कार्ड अजून चालतं. त्यामुळे मी फौजेचं कौतुक करतो तेव्हा त्यातलं फौजेचं किती आणि पेन्शनचं किती, हे माझं मलाही नीट निवडता येत नाही. तुझ्या चुलत्यांचंही तसंच असणार. ते खोटं बोलत नाहीत. पण ज्या नोकरीबद्दल ते बोलतायत, ती नोकरी आता भरतीला निघत नाही. वर्दी तीच, बराकी त्याच, ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांच्या शिव्याही त्याच असतील. करार मात्र दुसरा आहे, आणि तुझी सही त्या दुसऱ्या करारावर होणार आहे.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तेव्हापासून, थोडे अपवाद सोडले तर, तिन्ही दलांत खालच्या पदावर जो जातो तो अग्निवीर म्हणून जातो, चार वर्षांसाठी. ट्रेनिंगही त्या चारातच धरलेलं. चार वर्षं भरली की त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम सेवेत घेतात, पुढे किमान १५ वर्षांसाठी. बाकीचे घरी. यातला 'पर्यंत' हा शब्द सगळे पटकन वाचून पुढे जातात, तू थांबून वाच. आणि कायम करा म्हणून हक्कानं मागता येत नाही, हे योजनेतच लिहिलेलं आहे.

तुझ्या अकॅडमीत उद्या सकाळी विचारून बघ, तुझा नंबर पंचवीसात का पंचाहत्तरात. सगळेच्या सगळे पंचवीसातले निघतील. मीही एकोणिसाव्या वर्षी तेच म्हटलं असतं. म्हणून माझं सांगणं एवढंच : तू पंचाहत्तरातला आहेस असं धर, चार वर्षांनी ट्रंक घेऊन तू स्टँडवर उतरलायस असं डोळ्यांपुढे आण, आणि तरीही ती चार वर्षं तुला हवीशी वाटत असतील तर जा. पंचवीसात येईनच या भरवशावर जाणार असशील तर जाऊ नको. खाली जे लिहितोय ते सगळं याच एका वाक्याच्या पोटातलं आहे.

पैशांपासून सुरुवात करतो, कारण तुझ्या वडिलांनी तिथूनच केलीय.

पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेत. त्यातले २१,००० हातात, ९,००० सेवा निधीत, म्हणजे सुटताना एकरकमी मिळणाऱ्या पैशांसाठी, कापले जातात. वर्षागणिक वाढत चौथ्या वर्षी ४०,००० होतात, हातात २८,०००. अवघड जागी पोस्टिंग असेल तर त्याचे भत्ते वेगळे. चार वर्षांत तुझे कापलेले साधारण ५ लाख २ हजार होतात, सरकार तेवढेच घालतं, आणि व्याज धरून शेवटी ११ लाख ७१ हजारांच्या आसपास मिळतात. त्यावर इन्कम टॅक्स नाही. गंमत बघ, चार वर्षांत हातात पडणारा पगार जोडत गेलास तर तोही ११ लाख ७१ हजारांवरच येऊन थांबतो. दोन्ही मिळून तेवीस-साडेतेवीस लाख. राहणं, जेवण, कपडे फौजेचे. बारावी झालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला हे पैसे कमी आहेत असं मी म्हणणार नाही. दुसरीकडे एवढे कोण देतंय?

पण ते मोठे अकरा लाख येतात कधी? नोकरी सुटते त्या वेळी. त्या दिवशी तू तेवीस-चोवीसचा असशील, हातात पगार नसेल, आणि दारात बहिणीच्या लग्नाची बोलणी उभी असतील. तुझ्या वडिलांनी ज्या पैशाला दोन कामं लावलीत त्याला तिसरं काम आधीपासून आहे, ते म्हणजे तू. शिक्षण, एखादा धंदा, किंवा दुसरी भरती लागेपर्यंतचे दोन वर्षांचे दिवस. हे बोलणं जायच्या आधी कर. निम्मे तरी माझ्या पुढच्यासाठी, उरलेल्यातून लग्न नाहीतर बोअर, असं वडिलांशी बसून स्पष्ट ठरव. वाटल्यास चुलत्यांना मध्ये बसव. पैसे खात्यात आल्यावर हीच गोष्ट काढलीस तर पोरगा स्वार्थी निघाला असं होईल. आणि बहिणीचं लग्न दोन वर्षांतच करायचं मनात असेल, तर हे पैसे त्या लग्नाला नाहीतच. तेवढ्यासाठी सावकार किंवा पतपेढी गाठून 'पोरगा फौजेत आहे, फेडेल' असं कोणी म्हणत असेल तर त्यांना तिथेच थांबव.

मधेच सोडून आलास तर? स्वतःच्या मर्जीनं सोडता येत नाही, फार अपवादाच्या कारणालाच परवानगी मिळते. आणि मिळाली तरी तुझ्या पगारातून कापलेले आणि त्यावरचं व्याज, एवढंच. सरकारचा वाटा नाही. चार वर्षं पूर्ण करून पंचाहत्तरात आलास तर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिक हा दर्जा नाही, म्हणजे त्या दर्जासोबतचा दवाखाना आणि कँटीनही नाही. चुलत्यांच्या सोन्यातला निम्मा मुलामा इथेच गेला.

आता फौज.

ट्रेनिंग साधारण ३१ आठवड्यांचं असतं. मी बेळगावला घडलो आणि पुढे दोन वर्षं एका ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होतो, म्हणून मला दोन्ही बाजू ठाऊक आहेत. पहिल्या पंधरा दिवसांत पोरं रात्री पांघरुणात तोंड घालून रडतात. आम्हाला कळतं, आम्ही कळलं नाही असं दाखवतो. पळण्यानं कोणी रडत नाही, पळणं तर ती घरूनच शिकून आलेली असतात. रडू येतं ते एक क्षणही एकटं न मिळण्यानं. उठायची वेळ दुसऱ्याची, आंघोळीची दुसऱ्याची, पोटात कळ कधी यावी तीही जणू दुसऱ्यानं ठरवलेली. फॉल-इनची, म्हणजे रांगेत उभं राहायची, शिट्टी झाली की हातातला घास ठेवायचा. चूक एकाची आणि शिक्षेचा रगडा सगळ्या सेक्शनला. ज्याची चूक झाली त्याच्याशी रात्री कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून बूट चमकवायचे.

माझ्या हाताखाली एक पोरगा होता, १६०० मीटरला अख्ख्या कंपनीत पहिला. तिसऱ्या आठवड्यात पायरीवर बसला आणि म्हणाला, उस्ताद, मला घरी पाठवा. त्याच बॅचला दुसरा एक होता, पळताना कायम शेवटून तिसरा. त्याला कितीही झापा, दहा मिनिटांनी शीळ घालत काम करताना दिसायचा. तो पुढे उत्तम जवान झाला. तेव्हापासून मला कोणी 'माझा मुलगा फौजेत टिकेल का' विचारलं तर मी छाती किंवा पाय बघत नाही. विचारतो, सगळ्यांदेखत विनाकारण ओरडा बसला तर दोन तासांनी तो काय करत असतो? हाच प्रश्न तू स्वतःला विचार आणि उत्तर मला कळवू नको, फक्त खरं दे. घरी बापानं आवाज चढवला तर दोन दिवस न जेवणारा पोरगा असशील, तर पुलअप्स दहाच्या बारा झाले तरी उपयोग नाही.

युनिटमध्ये गेल्यावर दुसरंच काहीतरी सुरू होतं, ज्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. ते म्हणजे कंटाळा. फौजेतला मोठा वेळ वाट बघण्यात जातो. संत्री ड्यूटी, कोतमधल्या हत्यारांची मोजदाद, फटीग. गवत काप, खड्डा खण, गाडीतलं सामान उतरव, साहेब येणार म्हणून रस्त्याकडेच्या दगडांना गेरू-चुना लाव. रात्री दोन ते चार अंधाराकडे बघत उभं राहणं, आणि तिथे काहीच नसतं. महिनोन् महिने काही नसतं. आणि ज्या रात्री असतं, त्या रात्रीसाठीच ते बाकीचे महिने. हे मला कळायला सहा-सात वर्षं लागली. तुझ्याकडे चारच आहेत, म्हणून आधी सांगून ठेवतो.

सुट्टी अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. आम्हाला वार्षिक ६० आणि वर कॅज्युअल ३० मिळायची. तीस दिवसांतून प्रवासाचे दिवस किती जातात ते तुझ्या मित्राला विचार. बैलपोळा, यात्रा, मित्राची हळद, यातलं काहीतरी दरवर्षी सुटणार. माझं मोठं सुटलं. वडील गेले तेव्हा मी उंचावरच्या चौकीवर होतो. वायरलेसवर निरोप आला, हवा बिघडलेली, हेलिकॉप्टर तीन दिवस वर आलं नाही. घरी पोचलो तो दहाव्याला. आई काही बोलली नाही, ताट वाढलं. फौजेची तक्रार म्हणून हे सांगत नाही, हवेपुढे कोणाचं चालतं? पण सही करताना ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

चांगलंही सांगतो, नाहीतर तू म्हणशील मेजरनं नुसतं घाबरवलं. पगार वेळेवर होतो. आजारी पडलास तर सिक रिपोर्ट, औषध फुकट. हिंदी येईल, आणि हिंदीपेक्षा मोठं म्हणजे अनोळखी माणसात मिसळणं येईल. राष्ट्रीय रायफल्सला असताना माझ्या बंकरमध्ये एक गढवाली आणि एक तमिळ होता. सहा महिने तिघांनी एका स्टोव्हवर चहा केला. पुढे त्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला मी दोन दिवसांचा रेल्वे प्रवास करून जाऊन आलो. गावात राहिलो असतो तर मला एवढी सख्खी माणसं मिळाली असती असं वाटत नाही. आणि बावीसाव्या वर्षी अंगात एक ठामपणा येतो, 'हे मी काढलंय, आता काहीही काढेन' असा. तो पंचाहत्तरातल्यालाही मिळतो, परत घेत नाहीत.

आई उठून आत जाते असं लिहिलंयस. तिच्या मागे आत जा. साताऱ्याच्या आयांना फौज म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. तुमच्याच जिल्ह्यातल्या आपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. तिला भीती वाटते ती अडाणीपणानं वाटत नाही. तिला माहीत आहे म्हणून वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनवर कामावर असताना गेला. २०२४ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळ तोफेच्या सरावात दोन अग्निवीर गेले, तिथे तर शत्रूही नव्हता. विमा ४८ लाखांचा असतो, त्याचा हप्ता तुला भरावा लागत नाही. कामावर असताना मृत्यू झाला तर ४४ लाखांची मदत वेगळी, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधी. ज्या अपंगत्वाला नोकरी कारण ठरते त्यालाही रक्कम आहे : १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५, ५० ला १५. एकरकमी. शिपायाच्या घरी दर महिन्याला येत राहणारी जुनी कुटुंब पेन्शन अग्निवीराच्या घरी येत नाही. हे आकडे आईसमोर मांडायचे की नाही ते तू ठरव, पण तुला तोंडपाठ हवेत. आणि विम्याच्या कागदावर वारस म्हणून कोणाचं नाव लिहायचं, हे हसण्यावारी नेऊ नको.

अजून एक आहे, ज्याबद्दल अकॅडमीत कधीच कोणी बोलत नाही. सगळे मरणाबद्दल बोलतात, त्यात शौर्य असतं. मारण्याबद्दल कोणी बोलत नाही. समोर माणूस असेल आणि हुकूम असेल तर बोट ओढावं लागेल. ज्याला ते जमत नाही तो भित्रा असतो असं मी म्हणत नाही, पण त्यानं तिथे असू नये. रात्री एकटा असताना एकदा विचार कर. 'बघू तेव्हाचं तेव्हा' असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे.

मुलीचं थोडक्यात. अग्निवीर अविवाहितच लागतो, आणि चार वर्षांत लग्न करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. तिच्या घरी किती दिवस थांबतील हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिला हे भरतीआधी सांग, कॉल लेटर आल्यावर नको. आणि हो, १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टखाली आलास की मोर्चा, संघटना, राजकीय पक्ष, पेपरात लिहिणं, सगळं बंद. मोबाईलवर काय टाकायचं तेही दुसरे ठरवतात. तुझी पिढी हे कसं सहन करते याचं मला कुतूहल आहे.

तीन लाखवाला माणूस. त्याला दारात उभा करू नको. फौजेच्या भरतीत पैशानं काम होत नाही, आणि होत असेल तर ते काम सोबत तुरुंग घेऊन येतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेपर फुटला म्हणून देशभरची परीक्षा रद्द झाली होती, पुण्यात अटका झाल्या. या लोकांची पद्धत साधी आहे. दहा जणांकडून पैसे आणि दहावीचं मूळ मार्कशीट घेतात. त्यातले दोन-तीन स्वतःच्या मेहनतीनं लागतात, त्यांना 'बघ, मी केलं' म्हणतात. उरलेल्यांना आज देतो, उद्या देतो. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नको, अकॅडमीच्या सरांच्याही नाही. पळण्याआधी इंजेक्शन देणारेही त्याच गर्दीत फिरत असतात. त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो की हृदय एकच असतं.

कानाचं मात्र आत्ता बघ. वाहणारा कान म्हणजे पडद्याला भोक असू शकतं, आणि ते मेडिकलला सापडतंच. लपवून आत गेलास आणि ट्रेनिंगमध्ये पुन्हा वाहू लागला तर अर्ध्यातून घरी. तालुक्याला किंवा सिव्हिलला कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव. गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहे का, रंग ओळखू येतात का, हेही त्याच फेरीत तपासून घे. दीड-दीड वर्ष पळून शेवटी तळपायावर बाद झालेली पोरं मी पाहिलीत. पहिल्याच आठवड्यात तपासलं असतं तर तेवढे उन्हाळे-पावसाळे वाचले असते. अनफिट ठरवलं तर लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते, तो कागद तिथेच मागून घ्यायचा.

तुझे मार्क मी मोजले. पाच-चाळीसला ६० पैकी ४८, आठ पुलअप्सना ४० पैकी २७. बेरीज ७५. बघ, पुन्हा पंचाहत्तरच! साडेपाच मिनिटांच्या आत आणि दहा पुलअप्स, तिथवर जायचं. पण तू पत्रात लेखी परीक्षेचं नावच काढलं नाहीस, याची मला जास्त काळजी वाटते. २०२३ पासून आधी कॉम्प्युटरवरची परीक्षा होते, त्यातून निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. म्हणजे लेखी निघाली नाही तर तुझं पळणं कोणी बघणारच नाही. २०२५ पासून ती मराठीतही देता येते. पहाटे पळ, पण दुपारी गणित सोडव. बारावीला ५४ टक्के असल्यानं क्लार्कचा दरवाजा बंद आहे, त्याला ६० लागतात. टेक्निकलला सायन्स नाहीतर आयटीआय लागतं. तुझ्यासाठी जनरल ड्यूटी, म्हणजे साधा जवान, आणि ट्रेड्समन, म्हणजे स्वयंपाकी-शिंपी असली कामं.

आणि फक्त फौजेचाच फॉर्म भरायचा हा हट्ट कशासाठी? एसएससीची, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनची, जीडी परीक्षा दहावीवर असते, तिच्यातून बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ ही निमलष्करी दलं मिळतात. पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत. जुनी पेन्शन तिथेही नाही, पण नोकरी चार वर्षांच्या कराराची नाही, साठीपर्यंतची. राज्य पोलिसला बारावी चालते आणि खुल्या गटाला २८ वर्षांपर्यंत वय. म्हणजे चार वर्षं फौजेत काढून आलास तरी ते दार उघडं असेल. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा २०२२ लाच झाली, वयात सूट आणि शारीरिक चाचणीतूनही सूट आहे. राखीव जागा म्हणजे हातात आलेली ऑर्डर नव्हे, तिथेही रांग लागणार. पहिली बॅच २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला बसली, तिची चार वर्षं २०२६ च्या शेवटी आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. सुटलेल्या पोरांचं खरंच काय झालं हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. चुलत्यांच्या नाही, माझ्याही नाही.

गेलासच तर आत असताना इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी घे. ती खास अग्निवीरांसाठी बांधलीय, निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचेच धरतात. बराकीत पत्ते कुटणाऱ्यात बसायचं की पुस्तक घेऊन कोपऱ्यात, हे तिथे रोज संध्याकाळी ठरवावं लागतं. आणि पत्ते कुटणारे फार जिवाभावाचे असतात, हीच अडचण.

राहिला तो मित्र. सुट्टीच्या पहिल्या दिवशी फौजीला काही विचारायचं नसतं. त्या दिवशी गाव बघायला आलेलं असतं आणि तो गावाला हवं ते बोलतो. त्याची पुढची सुट्टी येईल तेव्हा थांब. निघायच्या आदल्या रात्री त्याची ट्रंक भरायला मदतीला जा, बाकी कोणाला नेऊ नको. 'कसं चाललंय' असं विचारू नको, त्याचं उत्तर 'मस्त' हेच येतं. विचार, 'परत भरतीच्या लाइनीत उभं केलं तर उभा राहशील का?' मग गप्प बस. तो कपड्यांच्या घड्या घालत राहील, पाच मिनिटं काही बोलणार नाही. बोलू दे त्याला त्याच्या वेळेनं.